सहावा गुलाबी

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शेड जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कापडाचा तुकडा आणा, भिंतीचा पोपडा आणा, फुटलेल्या कपाचा नुसता कान आणा, मास्तर तो दोन बोटांत धरत, मान जरा तिरकी करत आणि यंत्राला हात लावायच्या आधीच सांगत, "काळा तीन थेंब, पिवळा जरासा, बाकी पांढरा." शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी काय म्हणतो, आमचे मास्तर झोपेतसुद्धा शेड सांगतात. यंत्र आणलंय ते मास्तरांना सोबत म्हणून." शेठचं प्रत्येक वाक्य 'मी काय म्हणतो'ने सुरू व्हायचं आणि त्यानंतर समोरच्याला काही म्हणायला वाव नसायचा.

एक बाई पडद्याचा तुकडा घेऊन आल्या होत्या.

"हे बघा, मला असाच रंग हवाय. म्हणजे अगदी असाच नको. माझ्या नणंदेच्या हॉलला आहे तसा. पण तिला वाटता कामा नये की मी तिचं बघून लावला."

"नणंदेचा हॉल मी बघितलेला नाही," मास्तर म्हणाले.

"बघण्यासारखा नाहीच आहे तो. रंग तेवढा बरा आहे."

मास्तरांनी डबा यंत्राखाली ठेवला, थेंब पाडले, हलवून घेतला, पत्र्याच्या तुकड्यावर ब्रश फिरवला आणि तो पडद्याशेजारी धरला.

"अगदी जुळला की!" बाई खूश.

"बाहेर उजेडात नेऊन बघा."

"अहो, इथे दिसतोय ना."

"इथे ट्यूब आहे," मास्तर म्हणाले, आणि गल्ल्यावरून शेठनी वाक्य पुरं केलं, "आणि ट्यूब खोटं बोलते! मी काय म्हणतो, सव्वीस वर्षं ऐकतोय मी हे."

बाई फुटपाथवर गेल्या आणि तोंड पाडून परत आल्या. "अगंबाई, हा तर हिरवट मारतोय."

मग मास्तरांनी त्यांना सांगितलं, जसं रोज कुणा ना कुणाला सांगत, की दोन रंग एका दिव्याखाली जुळे भाऊ दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली एकमेकांना ओळखही देत नाहीत. तेव्हा घरात दिवे कुठले, पिवळे की पांढरे, ते आधी बघून या. बाई म्हणाल्या, दिव्यांचं मला काय ठाऊक, ते आमचे हे बघतात. मास्तर 'हं' म्हणाले.

हे 'हं' मास्तरांचं अलीकडचं होतं. पूर्वी ते बोलायचे. आता त्यांचं निम्मं बोलणं त्या एका अक्षरात आटोपत असे. त्यांची बायको, जिला त्यांच्यामुळे सगळी इमारत मास्तरीण म्हणत असे, ती म्हणायची, "मी एखाद दिवशी सांगणार आहे, अहो, मी घर सोडून चालले, आणि हे म्हणतील 'हं', आणि जाताना दार ओढून घे."

तिसऱ्या मजल्यावर मास्तरांचं घर होतं, दोन खोल्यांचं, आणि मागे एक तिसरी अंधारी खोली, जिची खिडकी इमारतीच्या मधल्या पाइपांच्या खबदाडात उघडत असे. त्या खोलीत मांजरं होती. पूर्वी तिथे गाद्या आणि मोडकं टेबल असायचं.

सात वर्षांपूर्वी एका पेंटरला बंद घरात, रिकाम्या डब्यांच्या ढिगामागे, एक मांजर सापडलं. त्याने ते दुकानात आणून मास्तरांच्या हातात दिलं, कारण मास्तर कुणाला नाही म्हणत नसत. मास्तर ते घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर स्वतःच प्रश्न विचारत आणि स्वतःच उत्तरं देत. त्यांनी रक्ताचा थेंब एका छोट्या चपट्या डबीत टाकला, थोडा वेळ थांबले, आणि दोन रेघा उमटल्यावर म्हणाले, "हा रक्ताचा विषाणू. मांजरांचा रक्ताचा कॅन्सर म्हणतात ना, त्याचं मूळ. माणसाला होतो का? नाही. दुसऱ्या मांजराला होतो का? होतो. एकमेकांना चाटलं की, एका ताटलीत खाल्लं की, चावाचावी झाली की. बाकीच्या मांजरांत सोडायचं का? नाही. बरा होतो का?"

इथे मात्र डॉक्टर गप्प राहिले. त्यांनी विचारून उत्तर न दिलेला मास्तरांच्या ऐकण्यातला तो पहिलाच प्रश्न.

मग ते मांजर घरी आलं, आणि एकदा आलं म्हटल्यावर गावभर झालं. ज्याला ज्याला दोन रेघांचं मांजर सापडे, तो फोन करी. "मास्तर, तुमच्याकडे तो आजार आहेच ना, मग अजून एकाने काय बिघडतंय?" मास्तरीण रिसीव्हरवर हात ठेवून म्हणे, "ऐकलंत? आपल्याकडे तो आजार आहेच म्हणे. जसा काही आपण शाखा काढलीय." पण नव्या मांजरासाठी वेगळी ताटली काढायची तीसुद्धा मास्तरीणच. नवीन आलेलं मांजर दोन महिने न्हाणीघरात एकटं राहायचं. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघायचं, कारण काहींचं शरीर विषाणूला हुसकून लावतं. सात वर्षांत दोघांनी लावलं. ती दोघं चांगल्या घरी गेली. बाकीची मागच्या खोलीत आली आणि तिथून पुढे गेली. कुणी सहा महिन्यांत, कुणी चार वर्षांनी.

पहिलं गेलं तेव्हा मास्तर फार थांबले. आज बरं वाटेल, उद्या खाईल, असं करत राहिले, आणि ते मांजर दोन दिवस खाटेखाली तोंड उघडं टाकून श्वास ओढत राहिलं. अंगातलं रक्त आटून त्याच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. ते मास्तरांनी बघितलं होतं, आठवडाभर आधीपासून बघितलं होतं, पण बघणं आणि ठरवणं यांत त्यांनी सात दिवस घालवले. तेव्हा ते दुकानाच्या मागे रिकाम्या ड्रमांशेजारी उभं राहून रडले होते. शेठनी आत नेऊन पाणी दिलं आणि आयुष्यात प्रथमच 'मी काय म्हणतो' म्हणून पुढे काहीच म्हणाले नाहीत.

त्यानंतर मास्तरांनी दुकानातून गुलाबीची एक पट्टी घरी आणली. सात चौकोनांची. पहिला पिकलेल्या पेरूच्या गरासारखा, सातवा असा की पांढऱ्याच्या कानात कुणी नुसतं गुलाबी म्हणून कुजबुजून गेलं असावं. रोज सकाळी सात वाजता मागच्या खोलीत ट्यूब लावायची, एकेकाला मांडीवर घ्यायचं, वरचा ओठ अंगठ्याने उचलायचा, पट्टी हिरडीशेजारी धरायची आणि वहीत आकडा लिहायचा. दोन, तीन म्हणजे ठणठणीत. चार म्हणजे लक्ष ठेवा. पाच म्हणजे डॉक्टरांना फोन, टॉनिक, औषधं. आणि सलग तीन सकाळी सहा आला, की डॉक्टरांकडे, शेवटचं. सातवर कुणाला जाऊ द्यायचं नाही, असा नियम. नियमाला वाईट वाटत नाही, म्हणून तो केला.

डॉक्टरांनी आधी हसून सोडलं. मग दर खेपेला रक्त तपासलं आणि दर खेपेला पट्टी बरोबर निघाली. मग म्हणाले, "यंत्र चुकतं का? कधीकधी. मास्तर चुकतात का? नाही."

अशी एकामागून एक मांजरं गेली. मास्तर प्रत्येकाचं शेवटचं पान लिहीत आणि दुकानात जात. रडू कितव्या वेळी थांबलं ते त्यांच्या लक्षात नाही. पायात चप्पल असते आणि आपल्याला ती जाणवत नाही, तसं काहीतरी झालं होतं. मांजराला हातात घेतलं की वजन कळायचं, ऊब कळायची. एवढंच.

त्या वर्षी खोलीत चौघं होती. पांढरी पुट्टी, चार वर्षांची जुनी. जाडा रोलर. कान दुखत असल्यासारखं सारखं डोकं झाडणारा शेकर. आणि तारपीन, राखाडी, ज्याच्या जवळ कुणी गेलं की तो नाकाला झोंबल्यासारखा फिस्कारायचा. पुट्टी नावाला खोलीत असायची. दुपारी इतर झोपले की मास्तरीण खोलीचं दार हळूच उघडी आणि पुट्टी येऊन तिच्या पोटावर झोपे. "ही मांजर नाही," मास्तरीण शेजारणीला सांगे, "ही माझी सवत आहे. नवऱ्याने आणली आणि मलाच सांभाळायला लागतेय."

एका रविवारी सकाळी मास्तरांनी आकडे लिहिले आणि चौघांचेही उतरलेले निघाले. रोलर तीनवरून पाच. शेकर दोनवरून चार. पुट्टी तीनवरून पाच. तारपीन चारवरून सहा. मास्तरांनी ते एकाखाली एक लिहिलं. या खोलीत येणारी बातमी तशी एकाच दिशेची असायची. त्यांनी वही मिटली, डॉक्टरांना फोन करून टॉनिक वाढवलं आणि दात घासायला गेले.

सोमवारी तारपीन सहा. मंगळवारी सहा. मंगळवारी संध्याकाळी दुकान लवकर सोडून त्यांनी त्याला टोपलीत घातलं. डॉक्टरांच्या टेबलावर तारपीनने मदतनिसाच्या हातावर तीन लांब ओरखडे काढले आणि पट्टी तोंडाजवळ येऊच दिली नाही.

"अंगात जोर आहे की अजून," डॉक्टर म्हणाले. "रक्त बघायचं का एकदा?"

"नको. तीन दिवस सहा आहे."

"तुमचा सहा म्हणजे सहा. मग उगाच टोचायचं का? नको."

तसं ते झालं. मास्तर घरी आले. मास्तरणीने ताटली घासून खिडकीत पालथी घातली, जशी प्रत्येकाची घालत असे. "जेवताय ना?" "हं." दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एका शाळेच्या जिन्यासाठी चाळीस लिटर फिका पिवळा तयार केला आणि तो पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक निघाला.

पाच आठवड्यांनी पुट्टीने खाणं सोडलं. म्हणजे उकडलेलं चिकन हुंगायची, एक तुकडा तोंडात घ्यायची, टाकायची आणि पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन बसायची. पाचाचा सहा झाला. दुसऱ्या दिवशी सहा. त्या दिवशी मास्तरणीने चिकनचा चटणीसारखा लगदा करून बोटाने भरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आज किती?"

"सहा."

"काल?"

"सहा."

"परवा?"

"हं."

"नीट बघितलंत?"

मास्तरांनी वही तिच्यापुढे धरली. तिने ती बघितली नाही. तिला त्या पट्टीतलं काही कळत नसे. तिला सगळे चौकोन सारखेच दिसत आणि ती ते उघड सांगे. तिने ओल्या फडक्याने पुट्टीचे कान पुसले, टोपलीत जुना उशीचा अभ्रा घातला, काढला, पुन्हा घडी करून घातला.

"डॉक्टर संध्याकाळी नाहीत," मास्तर म्हणाले. "लग्नाला जाणार आहेत. दहाला बोलावलंय."

"बरं."

"येतेस?"

"मला कपडे वाळत घालायचेत." कपडे मागच्या दोरीवर केव्हाच वाळत होते. मास्तरांना ते दिसत होतं. ते 'हं' म्हणाले आणि टोपली उचलली.

आजवर प्रत्येकाला त्यांनी संध्याकाळी नेलं होतं, दुकान सुटल्यावर, दिवे लागल्यावर. सकाळी जायची ही पहिली वेळ. दवाखान्यात एक कुत्रं आधीच टेबलावर होतं, म्हणून ते बाहेर फुटपाथवरच्या बाकावर बसले. शेजारी एक गृहस्थ दुसरा कुत्रा घेऊन बसले होते. कुत्रा थरथरत होता आणि गृहस्थ त्याची बाजू मांडत होते.

"आमच्या साहेबांना सुईची भीती. घरात वाघ असतात. पोस्टमन आला की बघावं. इथे आलं की मांडीवर यायला बघतात, आणि वजन बघा त्यांचं! आम्ही काय मांडी देणार? तुमच्या मांजराला काय झालंय?"

"शेवटचं आहे तिचं."

"अरे," गृहस्थ म्हणाले. मग त्यांनी कुत्र्याला सांगितलं, "सरका साहेब, त्यांना जागा द्या."

मास्तरांची एक सवय होती. शेवटच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ते एकदा पट्टी लावून बघत आणि तो आकडा तारखेसकट लिहून पान संपवत. आज टेबल रिकामं व्हायला वेळ होता. त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं. पुट्टीने डोळे बारीक केले. ऊन पलीकडच्या भिंतीवर होतं आणि बाकावर स्वच्छ, सावलीतला उजेड होता. असा उजेड शोधत ते गिऱ्हाइकांना फुटपाथवर पाठवत. त्यांनी अंगठ्याने ओठ उचलला आणि पट्टीचा सहावा चौकोन हिरडीला लावला.

तो जुळला नाही.

त्यांनी पट्टी शर्टाला पुसली. पुन्हा लावली. सहावा चौकोन हिरडीशेजारी खडूसारखा दिसत होता. पाचवाही फिका पडत होता. त्यांनी पट्टी सरकवली आणि ती चारवर येऊन अशी बसली की हिरडी कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो ते कळेना. त्यांनी बूड हलवून तोंड दुसरीकडे केलं. चार. टोपली उचलून दुसऱ्या टोकाला नेली. चार.

"काय झालं हो?" गृहस्थांनी विचारलं.

"उजेड," मास्तर म्हणाले.

"आं?"

तेवढ्यात डॉक्टर दारात आले. "चला मास्तर. आणायचं? आणा."

"रक्त बघा."

"सहा आहे ना? फोनवर सहा म्हणालात."

"चार आहे. रक्त बघा आधी."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा बघितलं. मग काही न विचारता, काही उत्तर न देता, आत गेले. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत रक्त चढलं, यंत्रात फिरलं. डॉक्टरांनी नळी मापावर धरली. "तांबड्या पेशी बावीस टक्के. छान आहे का? नाही. मरण्यासारखं आहे का? मुळीच नाही." मग त्यांनी पुट्टीचा जबडा उघडून आत टॉर्च मारला आणि शीळ घातली. "खात का नाही? हे बघा ना. मागची दाढ सडलीय, भोवती सगळं लालबुंद. मी तरी कसा खाईन? आठवडाभर औषध देऊ? देऊ. मग दाढ काढू? काढू." औषध बाटलीत भरता भरता ते थांबले. "पण मास्तर, तुमची पट्टी चुकली कशी?"

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनी स्वतः द्यावं, असं त्यांना वाटत असावं.

घराचं दार मास्तरणीने उघडलं ते तोंड बाजूला करून. खिडकीत पुट्टीची ताटली पालथी होती, अजून ओली. आणि टोपलीतून आवाज आला, भुकेल्या, वैतागलेल्या मांजराचा.

मास्तरीण दारातच खाली बसली. "अहो, हे काय? डॉक्टर नव्हते?"

"होते. दाढ आहे."

"कुणाची?"

"हिची."

"दाढ?" मास्तरणीने झाकण उघडलं. "दाढ दुखत होती हिची? आणि मी सकाळपासून... मेले, सवती, सांगता येत नाही तुला? इतर वेळी चोवीस तास बोंबलत असतेस!" तिने पुट्टीला छातीशी धरलं आणि तिच्या पाठीत तोंड खुपसून बराच वेळ तिला शिव्या दिल्या. त्या शिव्या पुढे पुढे नीट ऐकू येईनात.

मास्तर मागच्या खोलीत गेले. त्यांनी बटण दाबलं. ट्यूब लागली, चटकन, न लुकलुकता, पांढरीफेक. तिच्याखाली त्यांनी स्वतःचा तळहात धरला. तो शिळ्या माशासारखा दिसत होता. रोलर पायाशी आला. ते वर बघत उभे राहिले. जुनी ट्यूब पिवळी होती. कडेला काळवंडलेली. लागताना तीन वेळा डोळे मिचकावायची.

"ट्यूब कधी बदलली?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं की," मास्तरीण बाहेरून नाक पुसत म्हणाली. "तुमच्या ताईंचा फोन आला होता ना, पाहुणे येणार म्हणून, त्या शनिवारी. ती जुनी नुसती मिचमिच करत होती. वॉचमनकडून शिडी आणली, मीच चढले. तुम्ही आलात तेव्हा म्हटलं, अहो, ट्यूब बदलली, काय छान पांढरा उजेड पडतो, आता जळमटंसुद्धा दिसतात. तर तुम्ही म्हणालात..."

"हं."

"तेच. अगदी तस्संच."

मास्तरांनी वही उघडली. ताईंचा फोन, शनिवार. शनिवारी रोलर तीन, शेकर दोन, पुट्टी तीन, तारपीन चार. रविवारी पाच, चार, पाच, सहा. चौघंही एका रात्रीत दोन-दोन घरं उतरलेली, त्यांच्याच अक्षरात, एकाखाली एक. दुकानात कुणी चार पत्रे आणून म्हणालं असतं की मास्तर, चारही शेड सारख्याच फिक्या पडल्यात, तर त्यांनी पत्र्यांकडे बघितलंही नसतं. म्हणाले असते, दिवा कुठला आहे? सव्वीस वर्षं हेच म्हणत आले होते. सोमवार, तारपीन सहा. मंगळवार, सहा. खाली तारीख आणि एक आडवी रेघ. तारपीन चार होता. मदतनिसाच्या हातावर तीन ओरखडे होते.

त्यांना काहीतरी वाटायला हवं होतं. ते त्याची वाट बघत उभे राहिले, बस येईल म्हणून माणूस रस्त्याच्या वळणाकडे बघत राहतो तसे. काही आलं नाही. फक्त पायाशी रोलरचं वजन कळत होतं.

मास्तरीण दारात आली. तिच्या हातात पुट्टीची ताटली होती, सरळ केलेली, आणि त्यात तो लगदा. "का हो? ट्यूबचं काय झालं?"

"या उजेडात हिरडीचा गुलाबी मरतो, पट्टीचा तसाच राहतो. हिरडी दोन घरं फिकी दिसते."

"म्हणजे पुट्टी सहा नव्हतीच?"

"नव्हती."

मास्तरणीने ट्यूबकडे बघितलं. मग वळून बाहेरच्या खोलीतल्या खिडकीकडे, जिथे तारपीनची ताटली पाच आठवडे पालथी होती. तिचा हिशेब तोंडावर दिसत होता. आकड्यांत कच्ची होती, पण वारांत पक्की होती.

"तारपीनला मंगळवारी नेलंत," ती म्हणाली. "आणि मी शनिवारी..."

"तारपीनचं आधीच उतरलं होतं," मास्तर म्हणाले. त्यांनी वही मिटली. "शुक्रवारीच. जुन्या ट्यूबखालीच सहा होता तो. तू शिडी आणायच्या आधी. महिनाभर अर्धं खात होता, तुला माहीत आहे. श्वास ओढत होता. रात्री ताप असायचा. डॉक्टरांनीपण बघितलं ना टेबलावर, म्हणाले, अंगात काही उरलेलं नाही, कशाला टोचायचं. त्याचा ट्यूबशी काही संबंध नाही."

इतकं ते सहा महिन्यांत बोलले नव्हते. मास्तरणीला तेवढ्यावरूनच संशय यायला हवा होता, आणि आलाही असेल.

"सहाच होता ना?"

"सहाच होता."

"बघू वही."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

तिने खाली बसून पुट्टीसमोर ताटली ठेवली. "ते खरं आहे," ती म्हणाली. "मला सगळं सारखंच दिसतं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वही दुकानात नेली आणि मागच्या कपाटात, बंद पडलेल्या शेडच्या जुन्या कार्डांखाली, तळाशी घातली. घरी जाताना नवी वही घेतली. दुपारी नणंदेच्या हॉलवाल्या बाई आल्या होत्या. दिवे पांढरेच आहेत म्हणाल्या, नणंदेकडेही पांढरेच आहेत, तेही तिने आमचं बघूनच लावलेत. मास्तरांनी रंग काढला, पत्र्यावर ओढला. शेठ गल्ल्यावरून ओरडले, "बाहेर नेऊन बघा बाई! मी काय म्हणतो, ट्यूब..." आणि थांबले, मास्तर 'इथे ट्यूब आहे' म्हणतील म्हणून. मास्तरांनी नुसता हात दाराकडे केला.

ट्यूब त्यांनी काढली नाही. स्वच्छ करायला बरी पडते, जळमटं दिसतात. पण सकाळी सात वाजता आता मांजरं गॅलरीत येतात. जाळी लावून घेतली आहे. मास्तरीण एकेकाला धरते, मास्तर ओठ उचलतात. पूर्वी हे काम ते एकटे करत आणि आकडा फक्त वहीला कळे. आता तो मोठ्याने सांगावा लागतो, कारण मास्तरीण विचारते.

"रोलर?"

"तीन."

"हा डोकं झाडतोय, धरू कसा मी? शेकर?"

"दोन."

पुट्टीची दाढ निघाली होती. ती एका बाजूने चावत होती आणि खात मात्र दोन्ही बाजूंचं होती. मास्तरांनी पट्टी धरली. समोरच्या इमारतीवर ऊन यायला अजून वेळ होता. उजेड चांगला होता.

"किती?"

"चार."

"नक्की?"

"उजेडात बघितलंय."

मास्तरणीने पुट्टीला लगेच सोडलं नाही. तिचा कान दोन बोटांत धरून, उगाच आतून साफ आहे का बघत, तिने विचारलं. कालही विचारलं होतं, परवाही.

"तारपीन सहाच होता ना हो?"

मास्तरांनी वहीत चार लिहिलं. पेन्सिलीचं टोक कागदावर थोडा वेळ तसंच राहिलं, त्याखाली एक काळा ठिपका पडला.

"सहाच होता," ते म्हणाले.

"हं," मास्तरीण म्हणाली, आणि पुट्टीला खाली ठेवलं.